सिगारसाठी घेतलेली किचन टॉर्च: दीड वर्षाचा हिशोब

आधी निकाल सांगतो, घाईत असलेल्यांनी इथूनच मागं फिरावं. स्वयंपाकघरात वापरायची ब्युटेनची टॉर्च सिगार पेटवायला चालते. पण एकट्यापुरते पोहे करायला लग्नातली कढई काढावी, तशी चालते. पाचपैकी दोन तारे. तिसरा तारा आहे, पण तो सिगारसाठी नाही, त्याचं शेवटी सांगतो.

मी मुळात सिगारवाला माणूस नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात, ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १९ सिंजिंग मशीनवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडावर बारीक लव असते. ती राहिली तर रंग डागडुजी केल्यासारखा दिसतो आणि छपाईची रेघ फिसकटते. म्हणून कापड गॅसच्या ज्योतीवरून पळवायचं, मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास. लव जळते, कापड वाचतं. वेग कमी पडला की कापड पिवळं, मशीन अडलं आणि ज्योत चालू राहिली की सरळ भोक. ज्योत आणि माल यांच्यात किती अंतर ठेवायचं आणि किती वेळ, एवढ्या एका प्रश्नावर माझं घर चाललं. त्यामुळं आगीच्या बाबतीत मी जरा किरकिऱ्या आहे. रिव्ह्यू लांबेल.

निवृत्त झालो तेव्हा जावयानं दुबईहून पाच सिगारची पेटी आणली. रोबुस्टो मापाचे, म्हणजे पाच इंच लांब आणि माझ्या अंगठ्याएवढे जाड. एक ओढून बघितला, आवडला. डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, धूर छातीत न ओढता तोंडात घोळवून सोडला तरी तोंडाला आणि घशाला तो तंबाखूच. बरोबर आहे त्यांचं. म्हणून महिन्याला दोन, तेही गच्चीवर, आणि नातू घरी असला की एकही नाही.

पहिला सिगार मी काडेपेटीनं पेटवला. अकरा काड्या लागल्या. गच्चीवर वारा, आणि सिगारचं तोंड एवढं रुंद की एका काडीची आग एका कडेला लागायची, दुसरी कड कोरीच. तिथून पुढं तो तिरकाच जळत गेला. शिवाय काडी पेटल्या पेटल्या गुलाचा जो वास येतो तो पहिल्या दोन झुरक्यांत उतरतो. काडीचं डोकं जळून जाऊ द्यायचं आणि नुसत्या लाकडाच्या आगीवर पेटवायचं, हे मला फार नंतर कळलं.

दुसरा सिगार गॅसच्या शेगडीवर पेटवायला गेलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आमची ही एवढंच म्हणाली, "नैवेद्याचा भात ज्या शेगडीवर शिजतो, तिथं तुम्ही हे करायलाव?" मी शेगडी पुसून गच्चीवर गेलो.

तिसरा, मित्राच्या पेट्रोलच्या लायटरवर. पंपावर उभं राहून जेवल्यासारखी चव. तेव्हा जावई फोनवर म्हणाला, "बाबा, ब्युटेनवर पेटवा. जळताना वास नाही, चव नाही." आणि टॉर्चचा फोटो पाठवला. खरं तर त्यानं पाठवला होता छोट्या जेट लायटरचा. मी बघत बघत गेलो आणि मागवली ती ही बंदूक. मोठी वस्तू, थोडे जास्त पैसे, म्हणजे चांगलीच असणार, असा माझा हिशोब. गिरणगावात वाढलेल्या माणसाला मोठ्या मशीनचा मोह असतोच.

वस्तू अशी आहे: वर पितळी नळीचं डोकं, त्याला काळं प्लॅस्टिकचं अंग, बाजूला गॅस कमीजास्त करायची चावी, मागं खटका. खाली २२० ग्रॅमचा ब्युटेनचा कॅन अडकतो, कॅम्पिंगच्या शेगडीला लागतो तोच. डोकं मला ६४० रुपयांना पडलं आणि चार दिवसांत घरी आलं. कॅन त्याच्याबरोबर येत नाही, हे मी नीट वाचलं नव्हतं. तो नवी पेठेत फ्रिज-एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला, २३० रुपयांना. दुकानदारानं विचारलं, "काय जोडायचंय, तांब्याची नळी?" मी हो म्हणालो. सगळ्यांना सगळं सांगत बसायची गरज नसते.

सोबतच्या कागदावर चित्र आहे परदेशी पुडिंगचं. वर साखर पसरायची आणि ती टॉर्चनं करपवायची. आमच्याकडं साखर करपली तर बोलणी बसतात, लोक त्यासाठी यंत्र घेतात हे वाचून गंमत वाटली.

डोकं कॅनवर बसवताना कॅनच्या कडेची खाच आणि डोक्यावरचा खिळा समोरासमोर आणावा लागतो, मग दाबून फिरवायचं. पहिल्यांदा माझा खिळा अर्धाच बसला आणि फुस्स करून गॅस बोटांवर आला. बोटं बर्फात घातल्यासारखी झाली. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळं उघड्यावर आला की लगेच वाफ होतो आणि जाताना बोटांची ऊब घेऊन जातो. तेव्हापासून बसवल्यावर जोडाला साबणाचं पाणी लावून बघतो. बुडबुडा आला की काढून परत बसवायचं. रबरी वायसर एकदा बदलावा लागला.

खटका मात्र उत्तम आहे. आत एक लहानसा स्फटिक असतो, खटक्यानं त्याच्यावर हातोडी बसते आणि त्या मारानंच ठिणगी पडते. बॅटरी नाही, चकमक नाही. दीड वर्षात चार-पाच वेळाच दोनदा दाबावा लागला असेल.

आता ज्योत. पूर्ण उघडली तर वीतभर निळी ज्योत, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरून ही विचारते, "टाकी भरून वाहायला लागली का?" आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं असा आवाज आला की अख्खं घर सावध होतं. कागदावर १३०० अंश लिहिलंय. खरं-खोटं मी मोजलेलं नाही, पण रंग बघून कळतं की ही आग लाडात येणारी नाही. आत एक फिका निळा सुळका दिसतो, त्याच्या टोकाशी सगळ्यात जास्त ताप. त्याच्या पुढं गडद निळा पट्टा, आणि त्याच्याही पुढं दिसत काहीच नाही, पण हात नेला तर चटका बसतो. सिगार धरायचा तो ह्या न दिसणाऱ्या जागेत. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. सिंजिंगवाला ना मी! पण नवीन खेळणं हातात आलं की ३४ वर्षं कुठं जातात कोण जाणे. ज्योतीत घातला तो. चार सेकंदांत सिगारचं तोंड कोळसा, वरचं पान अर्धा इंच काळं पडून तडकलं, आणि पहिला झुरका तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा कडू. तो कडूपणा पाऊण इंच सिगार जळेपर्यंत गेला नाही.

दुसरा प्रसंग जानेवारीतला, गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. कॉलेजपासूनचा मित्र यात्रा बघून आला होता. मंगळवेढ्याजवळ शेती आहे त्याची. गच्चीवर बसलो, मी ऐटीत बंदूक काढली, पेटवली आणि सिगारच्या तोंडाकडं वाकडी केली. भप्प! फूटभर पिवळा जाळ. मित्र खुर्चीसकट मागं सरकला. "काय करायलास बे हे? जिवंत हाय मी अजून!" मला काही लागलं नाही, फक्त उजव्या मनगटावरची लव साफ. १९ वर्षं दुसऱ्याच्या कापडाचं सिंजिंग केलं, शेवटी स्वतःचं झालं.

कारण साधं आहे, पण कागदावर बारीक अक्षरात होतं. कॅनमध्ये ब्युटेन पातळ असतो, त्याच्यावर वाफ. कॅन उभा असेल तर डोक्यात वाफ येते आणि ज्योत निळी राहते. नुकती पेटवलेली टॉर्च वाकडी केली की वाफेऐवजी पातळ गॅसच डोक्यात घुसतो, तेवढ्याला पुरेशी हवा मिळत नाही, आणि तो पिवळा होऊन भडकतो. एक-दोन मिनिटं उभी जाळून डोकं तापवलं की मग वाकडी करता येते, कारण गॅस आतच वाफ होऊन येतो. काही महागड्या टॉर्चमध्ये त्यासाठी आत वेगळी नळी असते. माझ्या ६४० रुपयांत ती नाही. म्हणजे पंधरा-वीस सेकंदांच्या कामासाठी आधी दोन मिनिटं आग जाळायची. सिगारसाठी टॉर्च घेऊ नका म्हणतो त्याचं पहिलं कारण हे.

मग मी पद्धत बदलली. टॉर्च हातात धरायचीच नाही. गच्चीच्या कठड्याला लागून लोखंडी स्टूल आहे, त्यावर ती उभी ठेवायची. चावी कमीत कमी, ज्योत बोटाच्या दोन पेरांएवढी. सिगार आडवा धरायचा, ज्योतीच्या दिसणाऱ्या टोकापासून तीन बोटं वर, आणि हळूहळू फिरवत राहायचं. कणीस भाजतो तसं, फक्त जाळाला टेकवायचं नाही. आधी कड राखाडी होते, मग मध्य. चव बघायची घाई करायची नाही, तोंडात धरायचाच नाही अजून. पंधरा-वीस सेकंदांनी बाजूला घेऊन जळत्या तोंडावर हलकी फुंकर मारायची. सगळीकडं सारखा लाल दिसला तर जमलं. एखादी जागा काळीच राहिली तर तेवढीच परत दाखवायची. एवढं केलं की पहिला झुरका गोडसर लागतो आणि सिगार सरळ रेषेत जळतो. तेव्हा मान्य करतो, काडेपेटीपेक्षा हे चांगलं. वाऱ्याला ज्योत दाद देत नाही, आणि ब्युटेनचा वास खरंच उतरत नाही.

दिवसाउजेडी मात्र करू नका. सोलापूरच्या चारच्या उन्हात ती कमी केलेली निळी ज्योत दिसतच नाही. चालू आहे की बंद, हे मी एकदा बोटानं तपासलं. चालू होती.

हे सगळं शेजारच्या अक्का बघत असतात. अशोक चौकाच्या मागं आमची गल्ली, पूर्व भागातली. दुपारी कुठल्याही ओट्यावर बघा, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, हातात कात्री. अक्का चाळीस वर्षं विड्या वळतायत. एकदा गच्चीवर वाळवण घालायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बघू ओ ती जाड विडी." हातात घेतला, दोन बोटांत फिरवला, कानाजवळ नेऊन हलकेच दाबला. मग नखानं वरच्या पानाचा सांधा शोधत गेल्या, तिरका, वळसे घेत टोकापर्यंत. मी वर्षभर ओढत होतो, मला तो सांधा कधी दिसला नव्हता.

"दोरा नाही," त्या म्हणाल्या.

"डिंकानं चिकटवतात."

"हाताचं काम हाय. वळणारा चांगला हाय." मग परत दिला. "आणि पेटवायला बंदूक! आमच्या विडीला एक काडी पुरते."

किंमत विचारली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. हजार विड्यांना किती मजुरी मिळते ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

आता दुसरं कारण, हिशोबाचं. कागदावर लिहिलंय की पूर्ण ज्योतीवर तासाला १२० ग्रॅम गॅस जळतो. पूर्ण ज्योत धरली तरी २० सेकंदांना पाऊण ग्रॅमसुद्धा लागत नाही. २२० ग्रॅमच्या कॅनमध्ये सिगार बसतात ३३०. महिन्याला दोन धरले तर कॅन पावणेचौदा वर्षं पुरेल. मी आता ६३ वर्षांचा आहे. डोकं तापवायची दोन मिनिटं धरली तर हिशोब पार बदलतो, पण स्टूलवर उभी ठेवून वापरली तर ती लागत नाहीत. एवढा गॅस घरात नुसता ठेवून करायचं काय, हा प्रश्न राहतोच.

आणि ठेवायचा कुठं? कॅनवर ठळक लिहिलंय, ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ४३-४४ अंश होतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल, विचार करा. उन्हात उभ्या गाडीत तर नावच काढू नका. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, गळला तर खाली साचतो, म्हणून बंद कपाटाचा तळही नको. शेवटी मी डोकं काढून ठेवतो आणि कॅन उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीजवळच्या उघड्या फडताळात. शेगडीपासून लांब, नातवाच्या हातापासून त्याहून लांब. उन्हाळ्यात अजून एक: कॅन गरम असला की आतला दाब वाढतो आणि त्याच चावीवर ज्योत मोठी येते. जानेवारीची खूण मे महिन्यात लागू पडत नाही.

उन्हाळ्याचंच निघालं म्हणून सांगतो, सिगार उघडा ठेवला तर एप्रिलमध्ये आठवड्याभरात त्याची कडक भाकरी होते. हवाबंद डबा आणि आत ओलावा राखणारी ६९ टक्क्यांची पुडी, एवढं पुरतं. सुकलेला सिगार टॉर्चखाली भसकन पेटतो आणि भसकनच संपतो.

मधल्या काळात जावयानं सांगितलेला छोटा जेट लायटर पण घेतला, ३५० रुपये. एक बारीक ज्योत, खिशात मावतो, वाकडा धरला तरी भडकत नाही. खालून गॅस भरायचा: चावी कमी करायची, आधी बारीक पेचकसानं झडप दाबून आतली हवा सोडायची, मग लायटर उलटा धरून वरून कॅन दाबायचा, आणि पाच मिनिटं थांबायचं. त्याची तक्रार एकच. भरायला मी नवी पेठेतल्यासारखाच स्वस्त गॅस घेतला, दोन महिन्यांत त्याचं बारीक भोक चिकटलं. मोठ्या टॉर्चला तो गॅस पचतो, तिचं भोक मोठं. लहान लायटरला लायटरसाठी गाळलेला गॅसच घ्यावा. सिगारसाठीच घ्यायचं असेल तर हा घ्या, डोळे झाकून. आणि काहीच घ्यायचं नसेल तर पेटीतल्या सिगारांच्या थरांमध्ये पातळ लाकडाची फळी असते, तिची चिरफळी काढून काडीनं पेटवायची आणि त्या जाळावर सिगार. त्याची सर कशालाच नाही, पण वारा नको.

घरात टॉर्चचा दुसरा उपयोग होईल म्हणून हिनं भरताचं वांगं तिच्यावर भाजून बघितलं. साल जळली, आत कच्चं. वरून ताप लागतो, आत जायला वेळच मिळत नाही. त्यानंतर वांगं परत शेगडीवर आणि टॉर्च परत फडताळात.

तिसऱ्या ताऱ्याची गोष्ट ही. गेल्या हिवाळ्यात त्याच मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो. हुरड्यासाठी तो चार ओळी वेगळ्या पेरतो. रात्री दव पडून गोवऱ्या ओल्या झालेल्या, आगटी पेटेना. दरवर्षी रॉकेल टाकतात, मग पहिल्या दोन हप्त्यांच्या कणसांना रॉकेलचा वास. मी गाडीतून टॉर्च काढली. मित्र आधी चार पावलं मागं गेला. मी कॅन उभा धरला, ज्योत पूर्ण, गोवऱ्यांच्या ढिगाला खालून, वाऱ्याच्या बाजूनं. मिनिटभर धूर, मग कड लाल, मग आतून धग धरली. तीन मिनिटांत आगटी. कणसं निखाऱ्यात गेली, तळहातावर चोळून हिरवा हुरडा, शेंगाचटणी, वास फक्त ज्वारीचा. त्या दिवशी सिगार मी चिमट्यात निखारा धरून पेटवला, आणि बंदूक मित्राकडंच ठेवून आलो.

परवा त्याचा फोन आला. "मालक, कॅन संपला की. कुठल्या दुकानातला होता?" पावणेचौदा वर्षांचा कॅन गड्यानं एका हंगामात संपवला. दुकान सांगितलं, आणि तिथं काय जोडायचंय विचारलं तर तांब्याची नळी म्हण, हेही सांगितलं.